पेनांगला जहाज लागलं की टूर न घेता आपलं आपण कसं फिरायचं

पुण्यातून सिंगापूरची क्रूझ करणारे हल्ली भरपूर झालेत. शाळांना सुट्टी लागली की तीन-चार रात्रींचं पॅकेज, सिंगापूरहून चढायचं, मलेशियातलं पेनांग बघायचं, जमलं तर थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर. बुकिंग झालं की प्रत्येकाचा एकच प्रश्न असतो, पोर्टवर उतरल्यावर जहाजाची टूर घ्यायची की आपलं आपण फिरायचं? माझं मत सरळ आहे. पेनांगला टूर घेऊ नका, फुकेतला विचार करून ठरवा आणि जिथे पोर्ट आणि गाव यांच्यात तासाभराचं अंतर आहे तिथे पहिल्याच क्रूझला शहाणपणा करू नका. हा लेख मुख्यतः पेनांग धरून लिहिलाय कारण पहिल्यांदा एकट्याने उतरायला त्याच्याइतकं सोपं बंदर या रूटवर दुसरं नाही, पण पद्धत कुठेही तीच लागते.

आधी नकाशा उघडा, जहाज नक्की लागतं कुठे ते बघा

क्रूझच्या कागदावर जे गावाचं नाव छापलेलं असतं तिथेच जहाज लागतं असं अजिबात नाही. "क्वालालंपूर" लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं पोर्ट क्लांगला, तिथून पेट्रोनास टॉवर म्हणजे ट्रॅफिक नसेल तर तास-सव्वा तास, असेल तर देव जाणे. "फुकेत" लिहिलेलं असतं आणि जहाज एकतर पातोंगच्या समुद्रात नांगर टाकून उभं राहतं नाहीतर पार दुसऱ्या बाजूला माखामच्या डीप सी पोर्टला लागतं. लंकावी बेटावर जेटी नैऋत्येच्या कोपऱ्यात आहे, कुआह हे मुख्य गाव तिथून लांब.

पेनांगचं तसं नाही. स्वेटनहॅम पिअर, म्हणजे जहाजाचा धक्का, जॉर्ज टाऊन या पेनांगच्या मुख्य शहरातच आहे, गेटबाहेर पडलं की समोर घड्याळाचा टॉवर आणि त्याच्या बाजूला फोर्ट कॉर्नवॉलिस. जॉर्ज टाऊनचा जुना भाग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यातलं बघण्यासारखं जवळजवळ सगळं चालत होतं. असं असताना बसमध्ये बसून, झेंडा धरलेल्या गाईडच्या मागे रांगेने फिरायला माणशी डॉलरमध्ये पैसे का मोजायचे हे मला कळत नाही. त्याच पैशात घरातले चौघं टॅक्सीने फिरून, खाऊन-पिऊन परत येतात.

म्हणून पहिली पायरी ही. ज्या ज्या पोर्टला थांबणार त्याचं टर्मिनल गुगल मॅपवर शोधा, आणि तुम्हाला जिथे जायचंय तिथपर्यंतचा वेळ बघा. अर्ध्या तासाच्या आत असेल तर स्वतः जा. एका तासाच्या वर असेल तर जहाजाची टूर घ्या, कारण जहाजाची स्वतःची टूर ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं, तुम्ही अडकलात तर थांबत नाही. टूरच्या पैशात खरं तर हीच एक गोष्ट विकत मिळते, बाकी गाईड वगैरे ठीक आहे.

कागदपत्रं

इथे फार वेळ घालवत नाही पण चुकवायचं काही नाही यातलं.

सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो, तो ऑथोराइज्ड एजंटकडूनच निघतो, पुण्यात बरेच आहेत. हातात आला की एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघायची, मल्टिपल एंट्री आहे ना. तुम्ही सिंगापूरमधून बाहेर जाऊन परत सिंगापूरमध्येच शिरणार आहात, म्हणजे दोन एंट्री झाल्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते जहाजावरून परत येतानाही लागतं.

मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ केलाय, आणि ही सवलत २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवलेली आहे. तरी तिकीट काढायच्या आधी एकदा ताजी स्थिती बघून घ्या, हे नियम फिरतात. मलेशियाचंही एक डिजिटल अरायव्हल कार्ड आहे आणि थायलंडने १ मे २०२५ पासून तसंच सुरू केलंय. क्रूझवाल्यांनी ते कधी आणि कसं भरायचं हे कंपनी ईमेलने कळवते, तो ईमेल स्पॅममध्ये गेलाय का बघत राहा. ही सगळी कार्डं सरकारी साइटवर फुकट भरता येतात. गुगलवर वरच्या वर दिसणाऱ्या, फी मागणाऱ्या साइट म्हणजे मधले दलाल, तिथे कार्ड नंबर टाकत बसू नका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने पाहिजे. आणि काही जहाजांवर चेक-इनच्या वेळी पासपोर्ट ठेवून घेतात, घाबरू नका, पावती देतात. पण म्हणूनच पुण्यातून निघतानाच पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो असू द्या. झेरॉक्स कोपऱ्यावरच्या दुकानात दोन मिनिटांत होते, जहाजावर रिसेप्शनला रांग लावून एका पानाचे डॉलरमध्ये पैसे देताना जीव जळतो.

आणि एक, पोर्टशी संबंध नसला तरी सांगतोच. सिंगापूरला क्रूझ सुटते त्याच दिवशी सकाळी पोचायचं असं तिकीट काढू नका. मुंबईहून फ्लाइट असेल तर आधी एक्सप्रेस वेवरचा घाट आहे, मग फ्लाइट लेट होण्याची भानगड आहे, आणि क्रूझचं चेक-इन ठरलेल्या वेळी बंद होतं. एक रात्र आधी जा. सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत, एक मरीना बे क्रूझ सेंटर आणि दुसरं हार्बरफ्रंटचं, टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगू नका, तिकिटावर कुठलं लिहिलंय ते दाखवा. मेट्रोने जायचं असेल तर पहिल्यासाठी मरीना साउथ पिअर स्टेशन आणि दुसऱ्यासाठी हार्बरफ्रंट.

हिशोब उलटा करायचा

हे नीट वाचा. बाकी विसरलात तरी चालेल.

आपली सवय काय, सकाळी उठल्यापासून पुढे पुढे प्लॅन करायचा. आठला हे, दहाला ते, मग जेवण, मग अजून दोन ठिकाणं. पोर्टच्या दिवशी हे उलटं करायचं. शेवटून सुरुवात करायची.

समजा जहाज दुपारी १ ला लागणार आणि रात्री ९ ला सुटणार. कागदावर आठ तास दिसतात. आता बघा. ९ ही सुटायची वेळ आहे, चढायची नाही. चढायची शेवटची वेळ, जिला ऑल अबोर्ड म्हणतात, ती सहसा अर्धा ते एक तास आधी असते, धरा ८. त्याच्या आधी इमिग्रेशन, सिक्युरिटी आणि तुमच्यासारख्याच शेवटच्या तासात परत येणाऱ्या हजार लोकांची रांग, म्हणजे पिअरच्या गेटवर ७ ला पाहिजे. इकडे सुरुवातीला, जहाज १ ला लागतं म्हणजे दोर बांधले जातात, मग तिथले अधिकारी वर येतात, कागद बघतात, परवानगी देतात, मग अनाउन्समेंट होते, मग टूरवाले आधी सोडतात आणि मग तुम्ही. पायाला जमीन लागेपर्यंत २ वाजतात. राहिले पाच तास. त्यातला एक तास खाण्यात, पाणी पिण्यात, वॉशरूम शोधण्यात आणि घरातल्या कुणालातरी फ्रीज मॅग्नेट घ्यायचे असतात त्यात जातो.

म्हणजे हातात खरे तास चार. चार तासात पेनांग हिल, केक लोक सी देऊळ, स्नेक टेंपल, बीच आणि जॉर्ज टाऊन होत नाही. होतं म्हणणारे गाडीच्या काचेतून बघून आलेले असतात. एक भाग निवडायचा, तो नीट बघायचा, बाकीचं सोडून द्यायचं. ग्रुपमध्ये एकजण तरी असतोच जो यूट्यूब बघून बारा पॉइंटची लिस्ट घेऊन येतो, त्याला हा हिशोब आदल्या रात्री जेवताना कागदावर मांडून दाखवा, पोर्टवर उभं राहून वाद घालू नका.

यातूनच दुसरा नियम निघतो. सगळ्यात लांबच्या ठिकाणी आधी जायचं, आणि तिथून जहाजाकडे येत येत बघायचं. जवळपासचं बघत बघत लांब गेलं की संध्याकाळी ऐन गर्दीत टॅक्सी शोधायची वेळ येते. उलट केलं तर प्रत्येक पावलाला तुम्ही जहाजाच्या जवळ येत असता, आणि वेळ कमी पडला तर शेवटचं एखादं ठिकाण गाळलं की झालं.

घड्याळ, फोन, पैसे

मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा. फोनवर विसंबू नका कारण फोन नेटवर्कप्रमाणे आपोआप वेळ बदलतो. सिंगापूर आणि मलेशिया एकाच वेळेवर आहेत, आपल्या अडीच तास पुढे. थायलंड त्यांच्या एक तास मागे. फुकेतला जहाज आपली घड्याळं बदलतं की सिंगापूरचीच वेळ चालू ठेवतं हे त्या त्या जहाजावर असतं, आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा अॅपवर लिहिलेलं असतं. जहाज सिंगापूरच्या वेळेने सुटणार आणि तुमचा फोन थायलंडची वेळ दाखवणार, म्हणजे तुम्ही निवांत नारळपाणी पिताय आणि तिकडे शिडी वर घेतायत.

फोनचं दुसरं, जहाजावर पाय ठेवला की एअरप्लेन मोड. समुद्रात जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला जोडला जातो, आणि ते आपल्या नेहमीच्या इंटरनॅशनल पॅकमध्ये बहुतेकदा बसत नाही. बिल बघून मग कस्टमर केअरला भांडून काही होत नाही. जमिनीवर उतरलं की एअरप्लेन मोड काढायचा. जॉर्ज टाऊनचा ऑफलाइन मॅप घरच्या वायफायवरच डाउनलोड करून ठेवा, आणि त्यात पिअरच्या गेटला पिन मारून ठेवा.

ग्रॅब हे तिकडचं ओला-उबर. अॅप पुण्यातच टाकायचं, नंबर व्हेरिफाय करून घ्यायचा, कारण तिकडे जाऊन ओटीपी येईना, सिम चालेना असं सुरू होतं. कार्ड जोडता आलं तर उत्तम, नाही तर रोख पण चालते.

मलेशियाचा रिंगिट थोडाच घ्या, चौघांच्या कुटुंबाला एका दुपारचं खाणं-फिरणं निघेल एवढा. डेक्कनला किंवा कॅम्पात फॉरेक्सवाल्याकडे आधी फोन करून विचारा, डॉलरसारखा तो प्रत्येकाकडे पडलेला नसतो. सुट्टे मागून घ्या, ५ आणि १० च्या नोटा. जहाजावरच्या काउंटरवर बदलायला गेलात तर रेट बघून तुमचं तोंड उतरेल.

उतरताना सोबत काय

शिप कार्ड, म्हणजे जहाजावर मिळणारं तुमचं ओळखपत्र. हे गेलं तर परत चढताना ताप, लहान मुलांचं आई-बाबांनी ठेवा. पासपोर्ट किंवा झेरॉक्स, जे जहाज सांगेल ते. बीपी-शुगरची त्या दिवसाची गोळी आणि एक जास्तीची. पाण्याची बाटली, टोपी, छोटी छत्री जी उन्हाला आणि पावसाला दोन्हीला चालेल, तिकडे दुपारी अचानक धो धो येतो आणि अर्ध्या तासात थांबतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर जास्तच. पुण्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला तिथला दमटपणा अंगावर येतो, घाम सुकतच नाही. कॉटनचे ढगळ कपडे, आणि खांदे-गुडघे झाकलेले, म्हणजे देऊळ-मशीद कुठेही अडत नाही.

जहाजावरून बुफेतलं काही बांधून घेऊ नका. सफरचंद, सँडविच, काही नाही. खाली तपासणी असते. घरचं सीलबंद बिस्किट वगैरे असेल तर तेही आधी विचारून.

आणि त्या रोजच्या कागदाचा फोटो काढा, ज्याच्यावर ऑल अबोर्डची वेळ आणि पोर्ट एजंटचा नंबर असतो. पोर्ट एजंट म्हणजे त्या गावातला जहाज कंपनीचा माणूस, काही गडबड झाली तर पहिला फोन त्याला.

आता प्रत्यक्ष पेनांग

पिअरच्या बाहेर आलात की टॅक्सी-व्हॅनवाले गराडा घालतात, लॅमिनेट केलेले फोटो दाखवतात, "फोर अवर, सिक्स प्लेस". हसून पुढे चला. गेटपासून थोडं लांब, रस्त्यावर येऊन ग्रॅब बोलवा आणि च्यू जेटी टाका. जवळच आहे, पण पायातली ताकद शेवटासाठी राखून ठेवायची म्हणून गाडी.

च्यू जेटी म्हणजे समुद्रात लाकडी खांबांवर उभी असलेली चिनी लोकांची वस्ती. अशा बऱ्याच जेटी ओळीने आहेत आणि एकेका जेटीवर एकेका आडनावाचे लोक, ही च्यू आडनावाच्यांची. मधून फळ्यांचा रस्ता, फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसतं, ओहोटी असेल तर चिखल आणि त्याचा वास. प्रत्येक दारापाशी भिंतीला छोटा लाल देव्हारा आणि उदबत्त्या, बाहेर वाळत घातलेले कपडे, एखादी आजी खुर्ची टाकून बसलेली. पुढच्या भागात सुव्हेनिरची दुकानं झालीत, त्यांना ओलांडून टोकापर्यंत जा. लोक तिथे राहतात हे लक्षात ठेवून दारात डोकावून फोटो काढू नका. चपला घट्ट हव्यात, फळ्या ओल्या असल्या की घसरतात. अर्धा तास पुरे.

तिथून रस्ता ओलांडून अर्मेनियन स्ट्रीटला या. २०१२ मध्ये लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविच नावाच्या कलाकाराने इथल्या भिंतींवर चित्रं काढली, त्यातलं सायकलवरच्या दोन मुलांचं सगळ्यात प्रसिद्ध, सायकल खरी, भिंतीला टेकवलेली, मुलं रंगवलेली. आता रंग उडालाय आणि फोटोला रांग असते. लहान मुलं सोबत असतील तर रांगेत उभे राहा, नाही तर लांबून बघून पुढे. माझ्या मते त्या चित्रापेक्षा त्याच गल्लीतली जुनी शॉपहाउसेस बघण्यासारखी आहेत, खाली दुकान वर घर, रंगीत खिडक्या, आणि समोर पाच फुटी ओटा-वजा छत असलेला रस्ता. तुळशीबागेच्या बोळात शिरल्यावर होतं तसं होतं, कुठून शिरलो आणि कुठे निघालो कळत नाही, पण दर चार पावलांवर काहीतरी दिसतं.

या छताखालच्या रस्त्यांबद्दल ज्येष्ठांसाठी एक सूचना. ऊन-पाऊस लागत नाही हे खरं, पण प्रत्येक दुकानापुढे लादीची उंची वेगळी, मध्येच एक पायरी, मध्येच दोन, मध्येच कुणी मोटरसायकल लावून वाट अडवलेली आणि कडेला उघडं गटार. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी खाली बघून चालायचं, फोटो थांबून काढायचा. अजिबात चालवत नसेल तर सायकलरिक्षा करा, त्यात दोन माणसं पुढे बसतात आणि चालवणारा मागे. बसायच्या आधी तीन गोष्टी बोलून घ्या: किती पैसे, किती वेळ, आणि तो आकडा रिक्षाचा की माणशी. तिसरा प्रश्न विचारायला विसरलात की उतरताना वाद.

अर्मेनियन स्ट्रीटच्या जवळच खू कोंगसी. खू आडनावाच्या घराण्याचं हे कुळाचं देऊळ, आधीचं जळाल्यावर आत्ताचं १९०६ मध्ये पूर्ण झालं. छपरावरचं कोरीवकाम बघून मान दुखते. तिकीट आहे आणि संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणूनच हे आधी घ्यायचं. वेळ एकाच ठिकाणी घालवायचा असेल तर इथे घालवा.

मग कपितान केलिंग मशिदीचा रस्ता पकडा आणि सरळ उत्तरेकडे चालत राहा. या एका रस्त्यावर नि आजूबाजूला मशीद, तमिळ लोकांचं महामारिअम्मन देऊळ, चिनी लोकांचं क्वान यिन देऊळ आणि सेंट जॉर्जेस चर्च, सगळं एकापाठोपाठ. मशीद तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. चर्च १८१८ चं. मारिअम्मनचं देऊळ १८३३ चं, पण दक्षिणी देवळांच्या रीतीप्रमाणे दुपारी बंद असतं, साडेचार-पाचच्या पुढे पोचाल असं बघा. क्वान यिनच्या देवळासमोर पुरुषभर उंचीच्या उदबत्त्या जळत असतात, धुराने डोळे चुरचुरतात, दम्याचा त्रास असेल त्यांनी बाहेरूनच नमस्कार करा.

शेवटी किल्ला आणि घड्याळाचा टॉवर. फ्रान्सिस लाइट नावाच्या इंग्रजाने १७८६ मध्ये इथे ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवलं, किल्ला त्याच जागेवर. आत जाऊन फार काही नाही, आपण सिंहगड-राजगड बघितलेली माणसं, बाहेरून पाहिला तरी चालतो. टॉवर व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून बांधला, वर्षाला एक फूट धरून साठ फूट उंच, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यामुळे जरासा कललेला. नीट बघितलं तर कळतं. इथे पोचलात म्हणजे रस्त्याच्या पलीकडे पिअर.

पैसे वाचवायचे असतील तर जॉर्ज टाऊनमध्ये कॅट नावाची फुकट बस फिरते, वेल्ड की या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरच्या जेटी टर्मिनलवरून कोमटार या उंच इमारतीकडे. चांगली सोय आहे पण वाट बघावी लागते, म्हणून सुरुवातीला वापरा, परतीला नको.

पेनांग हिलचं विचाराल तर, जहाज सकाळी लवकर लागत असेल तरच. वर जायला १९२३ पासूनची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी रेल्वे आहे (डबे अर्थात नवीन), वर हवा गार असते, पण पायथ्याच्या एअर इतामपर्यंत जायला अर्धा-पाऊण तास, तिथे रांग, आणि सुट्टीच्या दिवशी खाली यायलाही रांग. दुपारच्या जहाजाला हे बसत नाही, अजिबात नाही.

खायचं काय

मांसाहारी असाल तर तुम्हाला मी काय सांगणार, पेनांगची ख्यातीच खाण्यासाठी आहे, चार क्वे तिओ (परतलेल्या तांदळाच्या नूडल्स), नासी कांदार (भात आणि वर तऱ्हेतऱ्हेचे रस्से), आसाम लाक्सा (माशाच्या आंबट रश्शातल्या नूडल्स), जे दिसेल ते खा.

शाकाहारींनी मात्र "नूडल्स विथ व्हेजिटेबल" वर विश्वास ठेवू नका. सांबल नावाच्या मिरचीच्या चटणीत सुकवलेल्या कोळंबीची पेस्ट असते, तिला बेलाचान म्हणतात, चार क्वे तिओत डुकराची चरबी असू शकते, आणि रोजाक नावाच्या फळांच्या सॅलडमध्येसुद्धा कोळंबीचा सॉस असतो. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीट, मार्केट स्ट्रीटच्या बाजूला. शुद्ध शाकाहारी तमिळ हॉटेलं आहेत, केळीच्या पानावर जेवण, डोसा, फिल्टर कॉफी, बाहेर मोगऱ्याचे गजरे आणि दुकानादुकानातून तमिळ गाणी. "परदेशात येऊन डोसाच खायचा का" असं म्हणणारा ग्रुपमध्ये असतो, त्याला रोती चनाई खायला द्या, पराठ्याचाच भाऊ पण पदर सुटलेला, साधी हवी तर "रोती कोसोंग" म्हणायचं आणि सोबत डाळ मागायची, नाही तर माशाचा रस्सा येऊ शकतो. वर तेह तारिक, दोन मगांमध्ये उंचावरून ओतून फेस आणलेला कंडेन्स्ड मिल्कचा चहा. गोड इतका की शुगरवाल्यांनी एकच घोट.

चेंदोल शाकाहारींना चालतं. बर्फाचा चुरा, नारळाचं दूध, ताडाचा गूळ, हिरव्या शेवया आणि राजमा. राजमा ऐकून नाक मुरडू नका. पेनांग रोडच्या बाजूच्या गल्लीत याच्या गाड्या आहेत आणि तिथून चौरस्ता मार्केट जवळ, जिथे जायफळाच्या फळाचं लोणचं आणि सुकवलेल्या गोड चकत्या मिळतात. हा भाग पिअरपासून जरा आत आहे, तर ज्यांना खाण्यात आणि खरेदीत जास्त रस त्यांनी च्यू जेटी सोडून इथून सुरुवात करावी आणि मग पिअरकडे सरकावं.

आणि चुकून जहाज सुटलंच तर

होत नाही सहसा, पण माहीत असलेलं बरं. उशीर होतोय असं दिसलं की पळत सुटायच्या आधी पोर्ट एजंटला फोन. जहाज गेलं असेल तर सहसा तुमच्या केबिनच्या तिजोरीतले किंवा जहाजाकडे ठेवलेले पासपोर्ट एजंटकडे उतरवून ठेवतात. पुढच्या पोर्टला स्वखर्चाने पोचायचं. पेनांग-सिंगापूर विमानाने दीड तासाचं अंतर आहे, म्हणून इथे चुकलं तर निभावतं, पण तिकिटं, हॉटेल सगळं तुमच्या खिशातून. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना "क्रूझ" कव्हर आहे का आणि चुकलेल्या जहाजाचं त्यात काय लिहिलंय ते पॉलिसीत वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. पासपोर्टच हरवला असेल तर मलेशियातलं आपलं हाय कमिशन क्वालालंपूरला आहे.

फुकेतला काय वेगळं

जहाज पातोंगला नांगर टाकून उभं राहिलं तर किनाऱ्यावर छोट्या बोटीने नेतात, तिला टेंडर म्हणतात. त्याचं तिकीट किंवा टोकन सकाळी घ्यावं लागतं, टूरवाले आधी जातात, आणि चढता-उतरताना बोट हलत असते, व्हीलचेअर किंवा काठीवाल्यांना अवघड. समुद्र खवळलेला असेल तर टेंडर बंद होऊन पोर्टच रद्द होऊ शकतं, मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो तेव्हा ही शक्यता धरूनच चाला. उलट्या हिशोबात इथे दोन्ही बाजूंना आणखी अर्धा-अर्धा तास घाला. शेवटच्या टेंडरची वेळ ऑल अबोर्डपेक्षा आधीची असते, ती वेगळी लिहून घ्या. पातोंगच्या किनाऱ्यावरच फिरणार असाल तर स्वतः जा. फी फी बेटांची हौस असेल तर जहाजाचीच टूर, बाहेरच्या स्पीडबोटवाल्याच्या भरवशावर जहाज सोडायचा धोका कशाला.

परत चढताना

पिशव्या एक्स-रेमधून जातात. दारूची बाटली घेतली असेल तर बऱ्याच जहाजांवर ती काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. डुरियन हे उग्र वासाचं फळ आणलंत तर जहाजावर सहसा नेऊ देत नाहीत, खायचं तर खालीच खाऊन, हात धुऊन या. जायफळाच्या चकत्या सीलबंद पाकिटातल्या घ्या, आणि च्युइंग गम मात्र मलेशियातून घेऊ नका, कारण पुढे सिंगापूरला उतरायचंय आणि तिथे ते न्यायला बंदी आहे. मुलांच्या खिशात असतं, त्यांना विचारा.